संध्याकाळचं काय?

रविवारी माणसं सिनेमाला जातात, पाहुण्यांकडे जातात, नाहीतर जेवून घोरत पडतात. आमचे वालावलकर भाऊजी शाळा बघायला जात. रविवारी शाळा बंद असते, हे सांगून सांगून मी थकले.

"बंद शाळाच बघायची असते, वहिनी," ते म्हणत. "चालू शाळा काय, मास्तर चांगलीच दाखवणार!"

मग फाटकावरून आत वाकून बघायचं, शिपायाला गाठून तिथल्या नळाचं पाणी प्यायचं, मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का तेही विचारायचं. एका शिपायानं म्युनिसिपालटीचे साहेब समजून त्यांना खुर्ची दिली होती, आणि दुसऱ्यानं पोरं पळवणारा समजून काठी उगारली होती. दोन्ही गोष्टी ते सारख्याच गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. हसले तर शपथ!

भाऊजी म्हणजे माझे दीर नव्हेत. आमच्या ह्यांच्याबरोबर फोर्टात एकाच ऑफिसात कारकून. घाटकोपरला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत दोन ब्रह्मचाऱ्यांबरोबर राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. बायको तापानं गेली तेव्हा मुलगी कुमुद जेमतेम दोन वर्षांची. तिला वेंगुर्ल्याच्या मामानं नेलं. नेताना भाऊजींच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "चांगली शाळा बघा, दिवेलागणीच्या आत घरी पोचाल असं बिऱ्हाड करा, आणि मग न्या पोरीला." म्हातारी आपली बोलून गेली. भाऊजींनी ते व्रत म्हणून धरलं. स्वातंत्र्य नवं होतं तेव्हापासून हा माणूस उपनगरं पालथी घालत होता, आणि पोरगी तिकडे मामाच्या घरी वाढत होती.

शाळा त्यांना पुष्कळ पसंत पडत. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. शाळा सुटल्यापासून भाऊजी फोर्टातून घरी पोचेपर्यंत पोरगी घरात एकटी. कुठल्याही गावाचं नाव काढा, ते सगळं ऐकून घेत, मान डोलवत आणि शेवटी विचारत, "ते खरं हो, पण संध्याकाळचं काय?"

सांताक्रूझची शाळा उत्तम, पण संध्याकाळी विमानं उतरतात. पोरगी पाढे म्हणताना दचकेल आणि पुढचं विसरेल. भांडुपला भाडं परवडतं, पण संध्याकाळी गवतातून साप निघतात. बोरिवलीची हवा झकास, पण तिथं म्हणे अंधार लवकर पडतो.

"अहो, अंधार सगळ्या मुंबईत एकदमच पडतो!" मी म्हटलं.

"तिथं डोंगर आहे ना, वहिनी."

"डोंगर पूर्वेला आहे, भाऊजी. सूर्य मावळतो पश्चिमेला!"

त्यांनी जरा विचार केला. "झाडीही फार आहे," ते म्हणाले.

कपाळ! आमच्या ह्यांना मी वैतागून म्हटलं की, त्या माणसाला पोरगी नकोच आहे, शाळांचं नुसतं निमित्त. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "नको नाही गं. घाबरतो तो." मला पटलं नाही. स्वतःच्या पोरीला कोण घाबरतं?

एकदा भाऊजींनी अंधेरीला मलाही नेलं. बाईमाणसाची नजर हवी म्हणे. शाळा पाहून झाली, पाणी पिऊन झालं, आणि बाजारात वेसाव्याची एक कोळीण टोपली घेऊन बसली होती तिला भाऊजींनी गाठलं.

"मावशी, इथं संध्याकाळी कसं काय असतं?"

"संध्याकाळी म्हावरा सपते," ती म्हणाली. "घ्याचा तं आता घे."

भाऊजींनी तिला सगळी हकिगत सांगितली. पोरगी, शाळा, फोर्ट, दिवेलागण. तिनं सुरी खाली ठेवून ऐकून घेतलं.

"पोर कुठं हाय तुजी?"

"वेंगुर्ल्याला. मामाकडे."

"मंग पोर तिकडं, आन तू हिकडं शाला बगत फिरतंस? येडा का खुला? जा, घेऊन ये तिला!"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. मलाही हसू फुटलं होतं, पण भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गिळलं. सांगेल त्या भावानं त्यांनी पापलेट घेतलं. घरी आल्यावर मासा माझ्या हातात दिला आणि आपल्या खोलीत जाऊन पडले. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले.

त्या आठवड्यात मी स्पष्टच सांगितलं. "भाऊजी, कुमुदला इथं घाटकोपरला आणा. माझी दोघं जातात त्याच शाळेत जाईल. तुम्ही येईपर्यंत माझ्याकडे बसेल. दोघांत तिसरी, मला काही जड नाही." ह्यापेक्षा सोपं काय असतं सांगा! तर म्हणाले, "तुम्हाला कशाला त्रास, वहिनी?" मला असा राग आला म्हणता, पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

शेवटी मामाची बदली झाली, पार कारवारकडे. गावच्या माणसाबरोबर निरोप आला, की पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत पोरीला घेऊन जा. आता पळवाट उरली नाही. इतकी वर्षं ज्याला गाव सापडत नव्हतं, त्या माणसानं महिन्याभरात मुलुंडला दोन खोल्या घेतल्या. रस्ते सरळ, पोरगी चुकायची नाही. शाळा गल्लीच्या टोकाला. आणि घर स्टेशनाला इतकं लागून, की गाडीतून उतरलं की आलंच. दाखवायला नेलं तेव्हा ते मुलीच्या खोलीतली खिडकी पुन्हा पुन्हा उघडत आणि लावत होते. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मे महिन्यात कुमुद आली. अकरा वर्षांची, सावळी, दोन घट्ट वेण्या. बोटीवरून आधी आमच्याकडेच आणली. माझ्या मुलीनं तिला विचारलं, "हे तुझे बाबा ना?"

"हे मुंबयचे बाबा," ती म्हणाली. "माझे बाबा कारवाराक गेले."

मामाला ती बाबा म्हणत होती. म्हणणारच. आम्ही सगळे हसलो, सगळ्यांत मोठ्यानं भाऊजी हसले, आणि मग पिंप काठोकाठ भरलेलं असताना बादली घेऊन पाणी आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दोनेक महिन्यांनी मी लाडू घेऊन एका संध्याकाळी मुलुंडला गेले. गाडीतून उतरते तो काय, समोरच्या बाकावर भाऊजी! मांडीवर डबा, डब्यावर टोपी, नजर रुळांवर.

"अगंबाई, आत्ताच आलात?"

ते गडबडून उठले. "हो... म्हणजे, नाही. मगाशीच आलो."

"मग इथं का बसलात? कुणाची वाट बघताय?"

ते पुन्हा खाली बसले. खोटं त्यांना येतच नव्हतं. "रोजच बसतो, वहिनी," ते म्हणाले. "घरी जाऊन बोलायचं काय तिच्याशी? शाळा कशी झाली, विचारतो. बरी, म्हणते. डबा खाल्लास का, विचारतो. हो, म्हणते. पुढे मला काही सुचतच नाही. तीही माझ्याकडे बघत बसते, मीही बसतो. परक्याच्या घरी आल्यासारखी बसते हो ती. म्हणून तिच्या निजायच्या सुमाराला जातो. गाडीला उशीर झाला म्हणून सांगतो."

मला रडूही आलं आणि रागही आला. "उठा!" मी ओरडले, तशी चार माणसं वळून बघायला लागली. "एवढी वर्षं त्या पोरीच्या संध्याकाळच्या नावानं जीव टाकलात, आणि आता ती एकटी घरात आणि तुम्ही इथं बाकावर? उठा आधी!"

ते मुकाट्यानं मागून आले. कुमुदनं दार उघडलं. दिवा लावलेला, ताटं मांडलेली, दोन. मला बघून ती हसली, मागे त्यांना बघून थबकली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आज गाडी वेळेवर आली हो तुझ्या बाबांची."

"गाडी रोजच वेळेवर येता, मावशे," कुमुद हळूच म्हणाली. "खिडकीतसून दिसता माका. ते उतरतत, मगे बाकावर बसतत."

भाऊजी उंबऱ्यातच उभे राहिले. चपला काढायचंही त्यांना सुचलं नाही. रोज ती बघत होती!

मग तिनंच विचारलं. मला नाही, त्यांना. खाली मान घालून, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"उद्या मी येव थंय बाकावर, तुमच्याबरोबर बसाक?"

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत आमच्याशी ते ऑफिसातली मराठीच बोलत आले होते. गावची बोली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

"ये गो," ते म्हणाले. "थंय वारो बरो येता."