एक ठिपका कमी

मोहितेकाकांच्या घरी रविवारी जो जिंकतो, त्याला सोमवारी शिक्षा होते. सकाळी सातला काका ब्लेड घेऊन त्याच्या दारात हजर. ज्या पत्त्याच्या जोरावर तुम्ही जिंकलात, त्यावरचा एक ठिपका तुमच्या डोळ्यांदेखत खरवडून काढायचा, हा त्यांचा नियम. "ज्यास्ती झालं, टीचर," ते मला म्हणतात, "तासायला पाहिजे." मग कॉफी पितात, तीही आपल्याच घरची.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले आणि हूटगळ्ळीत काकांच्या शेजारी येऊन पडले. काका इथले पिढीजात मराठे. पूर्वज राजाच्या घोडदळात होते म्हणे. काका स्वतः एका कारखान्यात मापं तपासायला होते. मराठी बोलायला शेजार मिळाला म्हणून मी खूश झाले होते. पण काकांचं मराठी दर चौथ्या शब्दाला कन्नडात उतरतं, आणि विषय कुठलाही असो, पत्त्यांवर येऊन थांबतो.

हे पत्ते बाजारात मिळत नाहीत. काकांच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू इंजिनिअर जाताना लढाईच्या परदेशी पत्त्यांचा एक खोका टाकून गेले होते. काका आणि त्यांचे कारखान्यातले दोस्त पुट्टस्वामी यांनी तो उघडून पाहिला, तर आत सगळे ड्रॅगन. "आपण जे कधी बघितलं नाही, त्याच्यासाठी सुम्ने, उगाच कशाला भांडायचं?" असं म्हणून दोघांनी जुन्या लग्नपत्रिका कापून तीनशे साठ पत्ते घरीच केले. अंबारीचा हत्ती, बन्नूरची बस, मोगरेवाली, वांगं. पत्त्यावर जितके ठिपके, तितका त्याचा जोर. खेळायची रीत ड्राफ्टची. आठ जण गोल बसतात, प्रत्येकापुढे पंधरा पत्त्यांचं पाकीट. त्यातला एक आपल्याला ठेवायचा, बाकीचे डावीकडच्याला सरकवायचे. असं करत प्रत्येकाची फौज जमली की लढाई. कुठलाच पत्ता माजू नये म्हणून काका प्रत्येक डाव वहीत टिपतात आणि सोमवारी तासतात.

दोन वर्षांपूर्वी पुट्टस्वामी यायचे बंद झाले. गावी बन्नूरला गेले, एवढंच काकांनी सांगितलं. आम्ही सात उरलो. "आता सात जणांचा खेळ करा की," मी म्हटलं. "आठच," काका म्हणाले. आठवी खुर्ची रिकामीच राहायची, पण तिच्यापुढे पाकीट पडायचं आणि तिच्या वतीनं काका हत्ती उचलायचे.

तिथून काकांचं डोकं फिरलं, असं आमचं एकमत झालं. आधी पत्त्यांवरची अक्षरं गेली आणि चित्रं मोठी झाली. मी भाषा शिकवणारी बाई, मला ते फार लागलं. मग पंधराचं पाकीट पाचावर आलं. मग फतवा निघाला की पत्ते हातात धरायचे नाहीत, टेबलावर मांडायचे, आणि उचलायचे ते डाव्या हातानंच. उजवा हात टेबलाखाली. असं का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "बॅलन्स."

दसऱ्याच्या सुट्टीत माझ्या मोगरेवालीचा तिसरा ठिपका गेला आणि माझा संयम संपला. बुधवारी भांडायला गेले, तर काका पिशवी घेऊन निघाले होते. भांडण अर्ध्यावर सोडायची मला सवय नाही. मी भांडत भांडत स्टॉपवर गेले, भांडत बसमध्ये चढले, मध्ये बस बदलली तरी भांडतच होते. बायकांना बस फुकट, त्यामुळे मला ते परवडत होतं. काका खिडकीतून ऊस बघत "हं, हं" करत होते. बन्नूर आलं तेव्हा माझे अजून दोन मुद्दे शिल्लक होते.

पुट्टस्वामी ओसरीवर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणी आणून ठेवल्यासारखा. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं तुटक झालं होतं, वाचणं तर पारच गेलं होतं. काकांनी त्यांच्यापुढे पाच पत्ते मांडले. पुट्टस्वामींनी डाव्या हातानं हत्ती उचलला. वांग्याकडे मात्र ते नुसते बघत राहिले, तेव्हा काकांनी वहीत लिहिलं, "वांगं ओळखत नाही. देठ मोठं काढणे." मी माझे दोन्ही मुद्दे गिळले. मला स्वतःची लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "काका, आधी सांगायचं ना. आम्ही त्यांना जिंकू दिलं असतं."

काका माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "तेच बेड, तेच नको, टीचर. तीस वर्षं तो माझ्या बाजूला बसून मापं तपासत होता. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळत होता. तुम्ही दया केलं की त्याला लगेच कळतंय. मग तो परत कधी येणार नाही. पत्तेच असे पाहिजेत की तुम्ही जीव खाऊन खेळा, आणि तरी त्याला जागा राहिली पाहिजे. अल्वा? खरं की नाही?"

दिवाळीनंतरच्या रविवारी पुतण्याच्या गाडीतून पुट्टस्वामी आले आणि आठवी खुर्ची भरली. त्यांचा हात बघून मंडळी पाघळायच्या बेतात होती. काकांनी आधीच एकेकाला आत बोलावून दम भरला. पहिल्या रविवारी पुट्टस्वामी आठवे आले. काकांचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या रविवारी सहावे. मग परत आठवे.

पाचव्या रविवारी शेवटच्या लढाईत माझ्यासमोर तेच होते. मी जीव खाऊन खेळले, त्या खेळात मला दुसरं काही येतच नाही. त्यांच्या हत्तीनं माझी मोगरेवाली लोळवली आणि ते पहिले आले. पुट्टस्वामी माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसले. मला हसू आलं नाही.

काका कॉफी करायला उठून गेले ते आलेच नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. "टीचर," ते हळूच म्हणाले, "मुद्दाम डाव सोडलं नाही नव्हे? खरं सांगा."

"तीन ठिपके घालवलेत माझे, आणि वर मलाच विचारता? मला आज जेवण जायचं नाही, काका."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, कारखान्यात एखादा तुकडा बघत असतील तसं. मग तोंड फिरवून ते दूध ढवळत राहिले. गॅस पेटवलेला नव्हता, आणि त्यांना रडू येत होतं.

सोमवारी सातला मी गॅलरीत उभी होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी काखेत मारून, स्टॉपकडे जवळजवळ पळतच निघाले होते.

"काका, एवढ्या सकाळी कुठे?"

"बन्नूर," ते न थांबता म्हणाले. "हत्ती ज्यास्ती झाला, टीचर. तासायला पाहिजे."