वाजवायचं नाही म्हणजे नाही

मालिकेत काम मिळालं तेव्हा मी घरी छाती फुगवून सांगितलं, "त्यात अवघड काय आहे? मला काहीच करायचं नाही!" आणि ते शंभर टक्के खरं होतं.

मालिका जुन्या काळातली, पहिल्यावहिल्या बाई संगीतकाराच्या आयुष्यावरची. मी एरवी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवणारा माणूस, पण उंच कॉलर आणि खोट्या मिशा चढवल्यावर थेट व्हायोलिनवादक दिसायला लागलो. प्रसंग असा, की बाई पहिल्यांदाच वाद्यवृंदासमोर उभ्या राहतात, हात उचलतात आणि आम्ही सगळे पुरुष ढिम्म बसतो. एका बाईच्या इशाऱ्यावर वाजवायचं? छे! मग कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर येणार होता. सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना मी आमंत्रण देऊन बसलो होतो.

बाईंचं काम करणारी अभिनेत्री बाहेर चहा पिताना साधीसुधी वाटली होती हो! पण मंचावर चढली आणि माझ्या अंगावर काटा आला. तिने एकेकाकडे पाहिलं, श्वास घेतला, हात उचलला. आणि माझा व्हायोलिनचा गज आपोआप तारांवर गेला.

"कट!"

दिग्दर्शकाने समजावलं, तुमचा बाईंना विरोध आहे. मी म्हटलं, आहेच. तिने पुन्हा हात उचलला, माझा गज पुन्हा सुटला. आवाज नंतर भरायचा म्हणून गजाला साबण फासून तो मुका केलेला होता, नाहीतर माझं वादन ऐकून बाईंनीच संगीत सोडलं असतं! पुढच्या वेळी गज मांडीखाली दाबून बसलो, तर पायाने ठेका धरला.

दिग्दर्शक समोर येऊन उभा राहिला. "काका, शेवटचं विचारतो. जमणार नसेल तर दुसरा माणूस बसवतो."

सासूबाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. तरी तोंडून खरं तेच गेलं. "साहेब, त्यांनी हात उचलला की नुसतं बसून राहणं माझ्याच्यानं होत नाही."

अभिनेत्रीने ते ऐकलं. म्हणाली, "राहू द्या यांना. सगळे विरोधात आणि एकटा माणूस वाजवतोय. असंच घेऊ."

तो भाग लागला तेव्हा घर गच्च भरलं होतं. बाईंनी हात उचलला, सगळे ढिम्म, आणि मी एकटा वाजवतोय! सासूबाईंनी डोळे पुसले.

बायको मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणजे बाईमाणसानं सांगितलं की तुमचा हात हलतो," ती म्हणाली. "मग आपल्याच घरात काय होतं त्याला?"

मी उठलो आणि पाहुण्यांच्या कपबशा विसळायला घेतल्या.