पंचवीस अंश, कायम

अल-कुसैरच्या बंदर कार्यालयात समुद्राचं तापमान पंचवीस अंश होतं. सलग एकतीस वर्षं ते तेवढंच राहिलं. उन्हाळ्यात पंचवीस, थंडीत पंचवीस, आणि वादळानं धक्क्यावरचा दिवा वाहून नेला त्या दिवशीही, दिवा गेल्याची रीतसर नोंद करून, पंचवीस.

या नोंदी शाज़ली नावाच्या कारकुनाच्या हातच्या. त्यांना जाऊन चाळीस दिवस झाले आणि एकेचाळिसाव्या दिवशी त्यांची मुलगी रावया अर्ज घेऊन कार्यालयात आली. ती प्रवाळांची डॉक्टर. म्हणजे प्रवाळ बरे करत नसे, त्यांचे सांगाडे तपासत असे. धक्क्यालगतच्या एका म्हाताऱ्या प्रवाळातून तिनं पुरुषभर उंचीचं नळकांडं कापून काढलं होतं. प्रवाळ दरवर्षी अंगावर चुन्याचा एक थर चढवतो. पाणी गार असेल तर त्या चुन्यात स्ट्रॉन्शियम जास्त मुरतं, गरम असेल तर कमी. एवढ्यावरून पणजोबांच्या काळातल्या समुद्राचाही ताप काढता येतो. फक्त किती स्ट्रॉन्शियम म्हणजे किती अंश, हे कळायला त्याच जागी कुणीतरी थर्मामीटर बुडवून मोजलेलं एक वर्ष लागतं. ते नसेल, तर नळकांडं म्हणजे नुसता दगड.

“एकच वर्ष?” संचालक उस्ताद फिक्री दुखावले. “डॉक्टरबाई, सगळी घ्या की! एका आकड्यावर खाडाखोड दाखवा. असा कारकून पुन्हा होणे नाही.”

रावयानं वह्या चाळल्या.

“उस्ताद, प्रवाळ म्हणतो, समुद्र दरवर्षी तापतो आणि निवतो.”

“मग प्रवाळ चुकतोय.”

प्रकरण समितीकडे गेलं. सरकारी नोंदीशी तफावत का, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा, अशी नोटीस प्रवाळाला निघाली. पत्ता पाण्याखाली असल्यामुळे ती धक्क्याच्या खांबावर डकवण्यात आली. सुनावणीच्या दिवशी म्हातारे शिपाई बरईकाका धक्क्याच्या टोकाला उभे राहिले आणि त्यांनी प्रवाळाचा तीनदा पुकारा केला. एक खेकडा वर आला. त्याच्याकडे अधिकारपत्र नव्हतं. प्रवाळ गैरहजर, सबब त्याचं म्हणणं अमान्य, असा निकाल झाला.

बरईकाकांनी रावयाला जिन्यात गाठलं आणि हातात चहाचा पेला दिला.

“बापावर रागावू नकोस, पोरी. आळशी नव्हता तो. नोकरीच्या पहिल्या दिवशी पाणी खरंच पंचवीस होतं. त्यावर सरकारचा गरुडाचा शिक्का बसला. शिक्क्याचा आकडा बदलायचा तर बदल-अर्ज, कारणासकट, तीन प्रतींत. रोज कोण मरेल?”

“कधीच भरला नाही त्यांनी?”

“एक वर्ष भरला. वह्या मोजल्यास का? तीसच आहेत. एकतिसावी चुकांच्या कपाटात आहे.”

एकतिसाव्या वहीतले आकडे गलेलठ्ठ होते आणि रेघ सोडून चालले होते. बावीस पूर्णांक तीन. अठ्ठावीस पूर्णांक नऊ. ते वर्ष रावयाला आठवलं. आजी आजारी म्हणून आई कीना गावी गेलेली, शाळेला अजून अवकाश, आणि रोज सकाळी धक्क्यावर दोरी बांधलेली बादली, थर्मामीटर आणि तिच्या हातात वही. ती वाकून पाणी ओढायची. मागून बाबांनी तिच्या झग्याचा पट्टा मुठीत धरलेला असायचा.

वहीसोबत शुक्रवारच्या सुट्ट्या सोडून तीनशेतेरा बदल-अर्ज होते, तीन-तीन प्रतींत. बदलाचं कारण या रकान्यात प्रत्येकावर बाबांच्या सुबक अक्षरात तेच लिहिलं होतं : “मुलगी ऐकत नाही.”

“बरं झालं सापडलं!” उस्ताद फिक्रींचा चेहरा उजळला. “शाज़लींना निर्दोष कर्मचारी म्हणून पाटी लावतोय आम्ही. हे एवढं वर्षच आडवं येत होतं. ते रद्द करून पंचवीस भरतो आणि वही नष्ट करतो. वारस म्हणून तुमची सही हवी.”

“उस्ताद, खरं फक्त हेच वर्ष आहे.”

“बाकीची तीस खोटी, असं लेखी देता? मग पाटीचं विसरा.”

रावयानं विचारलं, “नष्ट काय केलं, याची नोंद राहते?”

“राहते म्हणजे! प्रत्येक पानाची प्रत, गरुडाच्या शिक्क्यासह. एक वारसाला. आम्ही काय जंगलात राहतो?”

रावयानं सही केली. कारणाच्या रकान्याशी तिचं पेन जरा थांबलं. मग तिनं लिहिलं : “त्या वर्षी वडिलांनी ऐकलं.”

“हे काय कारण झालं?” उस्ताद म्हणाले, पण रकाना भरलेला होता, त्यांनी शिक्का मारला.

प्रत्येक पानावर ‘चूक’ असा शिक्का असलेला तो गठ्ठा आणि नळकांडं तिनं शेजारी शेजारी ठेवलं. दोघांचं तंतोतंत जमलं.

भिंतीवर आता पाटी आहे. एकतीस वर्षांच्या नोंदी फोनवरही टाकल्या आहेत, सगळ्यांच्या सोयीसाठी. सहलीला निघण्यापूर्वी तुम्हीही त्या बघाल. पंचवीस दिसेल. मग पाण्यात उतराल, अंगाला चटका बसेल, आणि तुम्ही टुणकन बाहेर येऊन, ओल्या बोटांनी, पुन्हा एकदा फोनच बघाल.