दामलेकाकांची यादी

दामलेकाकांच्या घरात "मऊ" हा शब्द चालत नाही. "मऊ म्हणजे किती?" असं ते विचारतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मऊ म्हणजे मऊ." त्यांनी वहीत लिहून घेतलं, "पोळी डब्यात चार तास राहिल्यावर एका हाताने तुटावी." मग म्हणाले, "सुनंदाबाई, ही झाली रिक्वायरमेंट. हिची परीक्षा घेता येते. मऊची येत नाही."

चौथीनंतर मी एकही परीक्षा दिली नव्हती. चार तासांनी पोळी तुटेपर्यंत माझा जीव खालीवर.

काका मोठ्या यंत्रांच्या कंपनीत होते. यंत्र बनवायच्या आधी त्यात काय काय हवं ते लिहून काढायचं, हे त्यांचं काम. आता यंत्रं नाहीत, मी आहे. मी फुलपाड्याहून इथे एव्हरशाईन वसाहतीत त्यांचा स्वयंपाक करायला येते. कोथिंबीर कुजकी निघाली म्हणून कढीपत्ता घातला, तर त्याचीही चेंज रिक्वेस्ट लिहावी लागते. म्हणजे बदल का केला त्याची चिठ्ठी. माझं अक्षर बघून त्यांनी ती दोनदा उलटी धरली.

एकदा त्यांनी लिहून दिली तशीच्या तशी कारल्याची भाजी केली. काका एक घास खाऊन पाणी प्यायले.

"सांगितली तशी झाली, म्हणजे व्हेरिफिकेशन पास. खाववत नाही, म्हणजे व्हॅलिडेशन नापास. चूक माझ्या लिहिण्यात आहे."

माझी भाजी बिघडली आणि चूक दुसऱ्याची निघाली, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी दोन दिवस ताठ चालत होते.

काकू गेल्यापासून काका एकटे. गेल्या महिन्यात बंगळुरूहून मुलाचा फोन आला, "बाबा, इकडे या. काय काय लागतं ते कळवा." काकांनी आठ पानं लिहिली आणि मला समोर बसवलं. "मी वाचतो, तुम्ही चुका काढा."

मला एकच चूक दिसत होती, ते जाणार ही. पण एवढं बोलायचं धाडस माझ्यात कुठलं? मी पदराचं टोक पिळत ऐकत राहिले.

"सकाळी नऊला चहा, दोन कप."

"काका, तुम्ही एकच घेता."

"दुसरा तुमचा."

"तिकडे मी कुठे असणार?"

प्रत्येक ओळीपुढे ती कुणासाठी, त्याचं नाव लागतं. त्या नावाचं माणूस तिथे नसेल तर ओळ खोडायची, हा त्यांचाच नियम. काकांनी त्या ओळीवर पेन टेकवलं, पण खोडलं नाही. मग टोपण लावलं आणि मुलाला फोन केला.

"माझं यायचं जमत नाही रे. एक रिक्वायरमेंट तिकडे पूर्ण होत नाही."

तिकडून मुलाने काहीतरी विचारलं असावं.

"टेक्निकल आहे," काका म्हणाले. "तुला नाही कळणार."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही मान वर केली नाही.