दगडाबाईंचा बारा बाय पंधरा

एन्लार्जर कोणता घ्यावा, या एका प्रश्नावर भुजंगरावांनी दोन महिने बायकोचं डोकं खाल्लं. गंगाखेडच्या एका कचेरीत ते कारकून होते, पण तो निव्वळ योगायोग. आतून ते फोटोतले कलावंत होते. (आत कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.)

शेवटी ते परभणीच्या दुकानात गेले. फोटो मोठा करायचं मशीन हवंय म्हणताच दुकानदारानं आवाज खाली आणला.

"कोन गेलं?"

"कुनी न्हाई."

"मग मोठा फोटो कशाला करायलाव?"

"कलेसाठी!"

दुकानदारानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं आणि आठ दिवसांत न पटल्यास परत घ्यायच्या बोलीवर मशीन दिलं. कागद चकचकीत घ्यावा की मॅट, यात आणखी तासभर गेला. मॅटवर चेहऱ्याला गांभीर्य येतं म्हणून भुजंगरावांनी मॅट घेतला. (ते किती येतं, हे पुढं कळायचं होतं.)

मशीन न्हाणीत बसलं. खिडकीला घोंगडी, वर लाल दिवा. बायको केशरबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"आंघोळ काय रस्त्यावर करावी का आमी? पयला फोटो माझ्या आईचा करा. तिला पटला तर मशीन ऱ्हाईल, न्हाई तर गेलं परभणीला!"

एवढं बजावून त्या आईला, म्हणजे दगडाबाईंना, आणायला चुडाव्याला निघून गेल्या. दिवाळीत टिपलेली सासूबाईंची निगेटिव्ह घरात होती. भुजंगरावांनी रविवारभर न्हाणीत कोंडून घेतलं. मागची भिंत काळीभोर केली, एकेक सुरकुती उठवली. सोमवारी सकाळी बारा बाय पंधरा इंचांचा तो फोटो चौकटीत घालून समोरच्या खोलीत टांगला, दूध घ्यायला शेजारच्या तानुबाईंकडे किल्ली दिली आणि कचेरी गाठली.

दुपारी सहकारी किशनराव टोपी हातात घेऊन टेबलाशी आले.

"घरी जा, भुजंगराव. शेजारून निरोप आलाय. तुमच्या सासूबाई गेल्या."

भुजंगरावांनी फायली तशाच उघड्या टाकल्या. कशीबशी सायकल दामटत ते घरी पोचले. दारात बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. भिंतीवर दगडाबाई, वर झेंडूचा हार, खाली उदबत्ती. या माउलीनं आपल्याला एकदाही उपाशी परत पाठवलं नाही, हे आठवून त्यांना खरोखरच हुंदका फुटला. (गालावरचा उजेड मात्र झकास आलाय, हेही नजरेतून सुटलं नाही.)

"कधी गेल्या हो?" त्यांनी रडतच तानुबाईंना विचारलं.

"आमाला काय ठाव? फोटो तर तुमीच लावलाव!"

तेवढ्यात दारात टांगा थांबला. केशरबाई उतरल्या, आणि त्यांच्यामागून गाठोडं सांभाळत दगडाबाई. बायकांचं रडणं एकदम बंद पडलं. दगडाबाईंनी आधी फोटो पाहिला, मग हार, मग नाक पुसणारे जावई.

"माझ्यासाठी एवढं रडायलेत?" त्या विरघळल्याच. "केशर, ऱ्हाऊ दे ते मशीन. लय गुनाचं हाय."

मशीन राहिलं! भुजंगरावांचा आनंद पोटात मावेना. केशरबाईंनी मात्र हार उतरवला, पाणी शिंपडलं आणि ओल्या फडक्यात नीट गुंडाळला.

"तो कशाला ठिवायलीस?" भुजंगरावांनी विचारलं.

"ताजा हाय अजून," न्हाणीकडे बघत केशरबाई म्हणाल्या. "उद्या माझी आंघोळ अडली की तुमचाच फोटो मोठा करू."