बेचाळिसावा बिल्ला

"पुसायचे नाहीत, घासायचे नाहीत, पॉलिश तर मुळीच नाही. ऐकतेयस ना?"

डोळ्याच्या ऑपरेशनला निघताना नवऱ्याने दारातून बजावलं होतं. तिने ते शब्दशः पाळलं. त्याचे बेचाळीस जुने लष्करी बिल्ले तिने पुसले नाहीत, घासले नाहीत. फक्त कोमट साबणाच्या पाण्यात बुडवले. माणूस नव्या डोळ्याने घरी येणार, सगळ्यात आधी तो बिल्ल्यांचा डबा उघडणार आणि त्याला काय दिसणार, धूळ? आणि बुडवायचं नाही असं तो कुठे म्हणाला होता?

दहा मिनिटांनी येऊन बघते तर टबात कागद तरंगत होते. प्रत्येक बिल्ल्याच्या पाठीला डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर पलटण आणि काळ. पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी होती. पण कुठली चिठ्ठी कुणाची, ते एका देवालाच ठाऊक. तिने त्याला हात जोडले आणि शेजारच्या शिंपीकाकांना हाक मारली. काकांनी उभा जन्म गणवेश शिवण्यात घालवला होता.

"वहिनी, घासलेत की काय?"

"घासले नाहीत हो! बुडवले."

"मग घाबरू नका. बुडालेलं वर काढता येतं. साहेब कधी येणार?"

"चारला."

दोघं नवऱ्याची वही उघडून बसले. वहीत सगळं होतं. मुकुटाची कमान गोल फुगीर असेल तर बिल्ला इंग्रज राजाच्या काळातला, मध्ये दबलेली असेल तर राणीच्या. पुढच्या नक्षीचा खोलगट ठसा मागे उमटला असेल तर अस्सल. पाठ सपाट असेल तर ओतीव नक्कल.

"काका, हा मुकुट फुगलाय की दबलाय?"

"चष्म्याशिवाय मला राजा काय नि राणी काय! आणि हे काय, बदक?"

"राजहंस आहे. वहीत लिहिलंय."

"असेल बाई. टोपीवर बसला की बदकाचाही राजहंस होतो."

साडेतीनपर्यंत एकेचाळीस चिठ्ठ्या जुळवून चिकटवल्या. उरला एक बिल्ला, घोड्याचं चित्र असलेला, आणि उरली एक घडीची चिठ्ठी: 'घोडदळ, अधिकारी. दादांचा.' तिला हायसं वाटलं. हा तर सासऱ्यांचा! पाहुण्यांना नवरा हा सगळ्यात शेवटी दाखवायचा, तोही आवाज खाली आणून.

काकांनी बिल्ला उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "वहिनी, हे घोडदळ नव्हे. या टोप्या आमच्याच दुकानात शिवल्या जायच्या. चौकातल्या मोठ्या हॉटेलच्या दरवानाचा बिल्ला हा. मागचा नंबर बोटाला लागतोय, सात."

"पण घोडा आहे की!"

"हॉटेलच्या पाटीवरही घोडाच आहे."

सासऱ्यांना तिने फोटोतच पाहिलं होतं. तिने वर भिंतीकडे बघितलं. टोपी, बिल्ला, पिळदार मिशा. आणि मागे काचेचं दार, पितळी मुठीचं. तीस वर्षं रोज तिने त्या फोटोवर फडकं मारलं होतं, पण दार आज दिसलं.

ओल्या चिठ्ठीची घडी उलगडली होती. आत वेगळं अक्षर होतं: 'हा परत द्यायचा राहिला. तू देऊन ये.'

तिने घडी होती तशी घातली आणि चिठ्ठी चिकटवून टाकली. "काका, हे कुठे बोलायचं नाही हं."

"वहिनी, मी गणवेश उसवले. आतला माणूस कधी उसवला नाही."

चारला नवरा आला. काळा चष्मा सावरत त्याने डबा उघडला.

"साबणाचा वास येतोय."

"पुसले नाहीत," ती घाईने म्हणाली.

त्याने एकेक बिल्ला उलटून पाहिला. एकही चिठ्ठी चुकली नव्हती. शेवटच्या बिल्ल्यावर बोट थांबलं. डिंक ओला होता.

"आतलं वाचलंस?"

तिने डब्याचं झाकण उगाच पुसायला घेतलं. तीस वर्षांच्या संसारात याला होच म्हणतात.

"शाळेत सांगून बसलो, वडील घोडदळात आहेत म्हणून," तो म्हणाला. "दादा गेले, बिल्ला माझ्याकडे राहिला. एकटा ठेवला असता तर कुणीही ओळखलं असतं. मग त्याच्याभोवती खरे जमवत गेलो."

"एका खोट्यासाठी एकेचाळीस खरे?"

"खोटा कसा? मागचा ठसा बघ, चांगला खोलगट आहे. बिल्ला अस्सलच आहे गं. चिठ्ठी खोटी होती." त्याने बिल्ला तळहातावर घेतला. "दादांना शब्द दिला होता, उद्या देऊन येतो. चाळीस वर्षं झाली. आता डॉक्टर म्हणतात, आठ दिवस ऊन नको, धूळ नको."

"आठ दिवसांनी परत उद्याच उगवेल. तुम्ही बसा. मी देऊन येते."

"काय सांगशील?"

"थोडा उशीर झाला म्हणेन."

ती बिल्ला रुमालात गुंडाळू लागली तसा तो म्हणाला, "थांब. ते भांड्यांचं पॉलिश कुठे असतं?"

तिने डबी आणून दिली. त्याने फडकं घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा बिल्ला घासायला बसला. घोडा पिवळाधमक होईपर्यंत घासत राहिला. "दरवानाचा चकचकीतच लागतो. दादा रोज सकाळी घासायचे."

तिने बिल्ला रुमालात बांधला, चपला घातल्या. तेवढ्यात तो उठला, पुढे झाला आणि पाठ ताठ करून त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

मान किंचित लववून, रुमाल मुठीत घट्ट धरून, ती चौकाच्या दिशेने निघाली.