बगळा करणारे केंद्रे सर

आमच्या शाळेत पोरांना कोंबडा करायचे नाहीत, बगळा करायचे. दोन्ही हात पाठीमागं, मान लांब, एक पाय वर आणि नजर समोरच्या लिंबाच्या झाडावर. पाय टेकला की पुन्हा पहिल्यापासून. ही शिक्षा अख्ख्या पृथ्वीवर फक्त आमच्या अहमदपूरच्या मैदानावर मिळत होती आणि तिचे जनक होते आमचे पीटीचे केंद्रे सर. एक पालक तावातावानं तक्रार घेऊन आले, तर सर त्यांना म्हणाले, "कोंबड्यानं कंबर जाती. बगळ्यानं तोल येतो. तुमच्या पोराला तोल हाय का? न्हाई. मंग?" पालक निमूट घरी गेले.

सर मूळचे चाकूरकडचे, जुने पैलवान. कान कुस्तीत चुरगळलेले, मिशा जाड, अंगात बारा महिने निळा ट्रॅकसूट. माझ्या नणंदेच्या लग्नालाही त्यावरच कोट चढवून आले होते. बोलणं कमी, बरंचसं काम गळ्यातली शिट्टी करायची. एका स्वातंत्र्यदिनी मुख्याध्यापकांचं भाषण लांबत चाललं, पोरं उन्हात डुलायला लागली, तेव्हा सरांनी दोन आखूड शिट्ट्या मारल्या. अख्खी शाळा उठून जिलेबीच्या रांगेत उभी राहिली. भाषण तिथंच संपलं.

असा हा माणूस रोज मधल्या सुट्टीत भाकरी-ठेचा उघडून मोबाइलवर लहान मुलांचं कार्टून बघायचा. मी विज्ञान शिकवते, डोळ्यांनी दिसेल त्यावर विश्वास ठेवते, पण हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चष्म्याचा नंबर वाढला असं वाटलं.

बकू नावाचा एक बगळा आहे आणि तो पाण्याला घाबरतो. झाली गोष्ट. जन्म तळ्याकाठचा, पोटाला मासे हवेत, आणि पाण्यात पाय घालायची हिंमत नाही. दर भागात एक बेडूक त्याला नाना परींनी समजावतो आणि शेवटी बकू एक पाऊल टाकतो. पुढच्या भागात पुन्हा घाबरतो. बारा मिनिटांचा खेळ. तेवढा वेळ स्टाफरूममध्ये कोणी बोलायचं नाही. शिपाई एकदा "चहा" एवढंच बोलला तर त्याच्यावर शिट्टी वाजली. गोष्ट संपल्यावर पडद्यावरून बारीक अक्षरात नावं सरकायला लागतात, तीसुद्धा सर अगदी शेवटपर्यंत बघायचे. मध्ये काही विचारलं की हात वर. "थांबा मॅडम. संपलं न्हाई."

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर सरांकडे बकूचंच औषध. मी स्कूटी शिकायला घाबरत होते. सरांनी शाळा सुटल्यावर मला मैदानात चार दिवस गोल गोल फिरवलं आणि स्वतः मागून पळत ओरडत राहिले, "पाय उचला मॅडम! बकूला बी भ्या व्हतं! उचला!" पाचव्या दिवशी मी एकटी बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आले. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं होतं. मला वाटलं, मैदान आखायच्या फक्कीची धूळ गेली असेल.

आणि मग ती बातमी आली. स्टाफरूममध्ये ती मीच आणली, हे मला आधीच सांगून टाकू दे. त्या बगळ्याचा निर्माता म्हणजे मोठा हळवा माणूस अशी त्याची ख्याती. लहान मुलांचं मन फुलासारखं जपावं, वगैरे मुलाखती द्यायचा. त्याच्याकडे काम केलेल्या मुलामुलींनी एकत्र येऊन सगळं लिहिलं होतं. काढलेली चित्रं हा सगळ्यांसमोर टराटरा फाडायचा. तासन् तास उभं करायचा. आईबापावरून बोलायचा. एक मुलगी तर दवाखान्यात पोचली होती. मी वाचून हादरले. दाखवायचे दात वेगळे असतात हे माहीत होतं, पण इतके वेगळे? आणि हादरले तरी, खोटं कशाला बोलू, थोडी खुमखुमीही होती. सात वर्षं त्या बारा मिनिटांत मला बोलू दिलं नव्हतं ना! सरांनी मोबाइल उभा केला आणि मी म्हटलं, "आता तरी तो बगळा बंद करा सर." आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

मराठीचे देशमुख सर लगेच म्हणाले, "नदीचं मूळ आन् ऋषीचं कूळ इचारू न्हाई, मॅडम. काम बघावं, माणूस सोडावा."

"हा ऋषी नाही," मी म्हटलं. "आणि या नदीत पोरं बुडालीत."

आमचं असं जुंपलं. दोघंही रंगात आलो होतो. केंद्रे सरांच्या हातातला घास तसाच. मग त्यांनी विचारलं, "नावं दिलेत का?"

"कोणाची?"

"ज्याचे चित्रं फाडले, त्या पोरायची."

"नाही. नावं झाकलीत."

"किती वर्सं चालू व्हतं हे?"

"पहिल्यापासून, म्हणतात. सहा-सात वर्षं."

सर उठले. डबा उघडाच राहिला. दुपारी मैदानावर शिट्टी वाजली नाही. सातवीतली एक मुलगी मला सांगायला आली, "मॅडम, सर म्हनले आजपसून कोनी बगळा व्हायचं न्हाई. सगळ्यायला खाली बसवलं आन् सोता बी खाली बसले." तिचा चेहरा घाबरलेला होता. शिक्षा बंद झाल्यानं घाबरलेली मुलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मला आपलं वाटलं, सर कार्टूनसाठी रुसलेत. शेवटच्या तासाला मी मोकळी होते. त्यांची समजूत घालावी म्हणून खेळाच्या सामानाच्या खोलीत गेले. सर गाद्यांच्या ढिगावर बसले होते, बाजूला लेझमांची पोती. मी देशमुख सरांचंच वाक्य उसनं घेतलं. म्हटलं, "जाऊ द्या सर, चित्र वेगळं, चित्र काढणारा वेगळा."

"वेगळा कसा?" सर म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. शेवटची नावं थांबवून ठेवली होती. सगळ्यात खाली, डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात लिहिलं होतं: पार्श्वचित्रे, वैभव केंद्रे.

"माझं पोरगं हाय," सर म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी गादीवर बसले. सात वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, यांना मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं. लातूरला दिलेली मुलगी तेवढी माहीत होती.

"हे तळं बघा. आमच्या गावचं हाय. ही बाभळ, ही पाण्याच्या मोटारीची खोली. आन् हे बघा." तळ्याच्या काठी, बकूच्या कितीतरी मागं, दोरीवर एक निळा ट्रॅकसूट वाळत होता. बगळ्या-बेडकांच्या दुनियेत माणसाचा ट्रॅकसूट! मी शंभर वेळा ते कार्टून पाहिलं असेल, मला तो कधी दिसला नव्हता.

मग सर बोलले ते असं. पोराला कुस्तीत घालायचं होतं, पोरगं वहीत चित्रं काढायचं. बारावीत असताना सरांनी ती वही पाहुण्यांच्या समोर फाडली. बारावी झाली तसं पोरगं मुंबईला निघून गेलं. आईशी फोनवर बोलतं. सर बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून ते ऐकतात. बापलेकांत तेव्हापासून एक शब्द नाही.

"म्या येकदा फाडलं मॅडम. त्यानं सहा वर्सं फाडलं. आन् पोरगं तिथं बी गप्प बसलं. गप्प बसायचं कुनी शिकवलं त्याला? म्याच." हा पहाडासारखा माणूस हुंदके देत होता आणि मला माझीच लाज वाटत होती. मधल्या सुट्टीत मी ती बातमी चवीनं वाचली होती.

"फोन करा," मी म्हटलं.

"माझा नंबर बघून उचलनार न्हाई त्ये."

सरांनी वैभवचा नंबर तोंडपाठ सांगितला. एकदाही न लावलेला. मी माझ्या फोनवरून लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"हॅलो, कोण?"

सरांना मी कोपरानं ढोसलं. "म्या बोलायलोय," ते म्हणाले.

पलीकडून, "पप्पा? आई बरी आहे ना?"

"बरी हाय. वैभव, त्या मानसानं तुझे बी चित्रं..."

"ते जाऊ द्या पप्पा. मी सोडलं तिथलं. दोन वर्षं झाली."

"मंग कुठं हाईस?"

"नांदेडला. पोरांचा चित्रकलेचा क्लास घेतो. आईला माहिताय. मीच म्हणलं होतं, सांगू नको."

नांदेड! वाटेतलं लोहा ओलांडलं की आलंच. दोन वर्षं हा बाप मोबाइलच्या बोटभर पडद्यात पोराला शोधत होता आणि पोरगं बसनं दीड-दोन तासांवर होतं. सर चिडतील असं वाटलं होतं, पण ते हळू आवाजात म्हणाले, "म्या रोज तुझं तळं बघतो. आता बघू का नको? तू सांग. मानूस वाईट निघाला, पर तळं तर तुझं हाय."

वैभव म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा पप्पा. पण मला नाही बघवत. ते लागलं की मला त्याचा आवाज ऐकू येतो."

"बरं," सर म्हणाले. "मंग म्या बी न्हाई बघत." आणि ज्या आवाजात त्यांनी आजवर कोणाला काही मागितलं नसेल अशा आवाजात विचारलं, "मंग तुलाच बघायला येऊ का?"

उत्तर माझ्यासाठी नव्हतं. मी उठून बाहेर आले. थोड्या वेळानं सर बाहेर आले, माझा फोन माझ्या हातात दिला आणि कोणाला न सांगता फाटकातून बसस्टँडकडे चालायला लागले. चालायला कसले, पळायलाच.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत, तेव्हा त्यांच्या रजेचा अर्ज मीच लिहून मुख्याध्यापकांपुढं ठेवला. कारण लिहिलं, मुलाकडे गेले आहेत. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून मला विचारलं, "केंद्रेंना मुलगा हाय?"

"हो," मी म्हटलं. "नांदेडला असतो."